मस्टरवरचा इतिहास

आपल्या वस्तीतल्या पोरांच्या हातात आजकाल सामान्यज्ञानाची जाडजूड पुस्तकं दिसतात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. बुद्धविहारात, समाजमंदिरात, जिन्याखाली, जिथं जागा मिळेल तिथं पोरं घोकत बसलेली असतात. पिरॅमिड कोणी बांधला? खुफूनं. ससून डॉक कोणी बांधला? अल्बर्ट ससूननं, १८७५ साली. भाऊचा धक्का? भाऊ अजिंक्य यांनी. कंटेनर कोणी आणला? माल्कम मॅक्लीननं. एक प्रश्न, चार पर्याय, एक नाव, एक मार्क. खेळ खलास.

मी या पोरांना हसत नाही. नोकरी पाहिजे तर घोकावंच लागतं. आणि ‘हे कुठनं आलं, ते कुणी केलं’ असं विचारण्याची हौस वाईट नाही. ही हौस पांढरपेशांच्या बापाची मिरास नाही. जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती सवाल-जवाबातच. धोंडिबा विचारतोय, जोतिराव सांगतायत. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कात जो निबंध वाचला त्याचा विषय काय? हिंदुस्थानात जाती उगवल्या कशा. तेव्हा त्यांचं वय २५. तुझ्या-माझ्याएवढं. पुढं १९४६ साली विचारलं, शूद्र पूर्वी कोण होते? १९४८ साली विचारलं, अस्पृश्य मूळचे कोण आणि ते अस्पृश्य का झाले? म्हणजे आपल्या चळवळीचा पायाच मुळात ‘हे कुठनं आलं’ या सवालावर आहे. ज्यानं हा सवाल विचारायचा सोडला तो देवळाच्या पायरीवर जाऊन बसला.

माझं भांडण उत्तराशी आहे. उत्तरात जे एक नाव असतं ते बांधणाऱ्याचं नसतं, पाटीवरचं असतं. आणि माझं दुसरं भांडण आपल्याच लोकांशी आहे. कविसंमेलनात कुणीतरी उठतो आणि छाती पिटून म्हणतो, ‘आमचा इतिहास कुणी लिहिलाच नाही!’ टाळ्या पडतात. बामण प्रोफेसरही खूश होतो, कारण तो हेच तर म्हणत आलाय: तुमच्याविषयी साधनं उपलब्ध नाहीत. दोघांचं एकमत झालं की मला घाम फुटतो.

मी गोदीत हमाली करतो. मॅट्रिकपर्यंत शिकलोय. रात्री कविता लिहितो. गोदीत मी एक गोष्ट रोज बघतो. माल हलला की कागद हलतो. गोणी उतरली की टॅली क्लार्कची पेन्सिल चालते. कुणाला प्रेम असो नसो, हिशेब ठेवावाच लागतो. मालकाला हिशेब पाहिजे, कारण हिशेब नसला तर चोरी कळत नाही आणि मजुरी कापता येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की आपला इतिहास लिहिला गेलाय. तो पोथीत नाही, मस्टरवर आहे. पोथी वाचायला सगळे धावतात. मस्टर कुणी वाचत नाही.

हे हवेतलं बोलणं वाटत असेल तर सामान्यज्ञानाच्या पुस्तकातलेच सवाल घेऊ.

सवाल पहिला. लिहिणं कुणी शोधलं? शाळेत सांगतात, सरस्वतीचा प्रसाद. ऋषी, मुनी, वाणी, वगैरे. खरं उत्तर मातीत सापडलं. आजच्या इराकमध्ये उरुक नावाचं जुनं शहर होतं. तिथं पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या निघाल्या. जगातल्या सगळ्यात जुन्या लिखाणातलं हे लिखाण. त्यात काय आहे? स्तोत्र? महाकाव्य? नाही. किती मेंढ्या आल्या, किती जव गेलं, कामकऱ्यांना किती शिधा दिला. शिधा म्हणायला त्यांनी चिन्ह काढलं होतं माणसाचं डोकं आणि त्याच्यापुढं वाडगा. बाबांनो, जगातला पहिला लेखक टॅली क्लार्क होता. कविता लई मागनं आली. मी कवी असून हे सांगतो. अक्षर जन्मलं ते मजुराच्या वाडग्यापाशी. आणि त्याच अक्षराला आपल्या देशात आपण शिवायचं नाही, असा कायदा केला गेला. ज्यांच्या पोटाचा हिशेब ठेवायला अक्षर जन्मलं, त्यांनाच अक्षराची बंदी! याच्यापेक्षा मोठी चोरी मला माहीत नाही.

सवाल दुसरा. पिरॅमिड कोणी बांधला? खुफूनं, एक मार्क. पण २०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर, वादी अल-जर्फ इथं, पिएर ताले या फ्रेंच संशोधकाच्या लोकांना लव्हाळ्याच्या कागदाचे तुकडे सापडले. जागा कुठली? बंदर. साडेचार हजार वर्षांपूर्वीची गोदी. माणसानं बांधलेल्या बंदरांपैकी आजवर सापडलेलं सगळ्यात जुनं. आणि ते कागद म्हणजे आजवर सापडलेले सगळ्यात जुने लिहिलेले पपायरस. त्यावर राजाची आरती नाही. मेरेर नावाच्या मुकादमाची रोजवही आहे. त्याच्या हाताखाली चाळीसेक माणसांची टोळी. तुराच्या खाणीतनं चुनखडीचे चिरे होडीत भरायचे, नाईल नदीनं आणि कालव्यानं गिझाला न्यायचे, उतरवायचे, परत यायचं. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. आज इथं मुक्काम, उद्या तिथं. वर देखरेखीला राजाचा सावत्र भाऊ अंखहाफ. म्हणजे तेव्हाही वरच्या जागेवर साहेबाचा नातेवाईकच!

गिझाला १९९० पासून कामकऱ्यांच्या कबरीही उघड्या पडल्या. हाडं सापडली. ओझ्यानं झिजलेले मणके, मोडून पुन्हा जुळवलेले हात-पाय. चाबूक मारून गुलामांकडनं पिरॅमिड बांधून घेतला ही सिनेमातली गोष्ट त्या हाडांनी आणि त्या वहीनं खोटी पाडली. ते कामकरी होते. टोळीनं काम करणारे, भाकरी आणि बिअर मोजून घेणारे. आता सांगा, साधनं उपलब्ध नाहीत? जगातला सगळ्यात जुना कागद हमालांच्या टोळीचा आहे.

सवाल तिसरा. रजेचा अर्ज कधीपासून आहे? हा सवाल पुस्तकात नाही, मी घातला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक चुनखडीची कपची आहे. दुसऱ्या रामसेसच्या राज्याच्या ४० व्या वर्षातली, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची. राजांच्या कबरी कोरणाऱ्या कारागिरांचं गाव होतं, देर अल-मदिना. त्या गावचं हे मस्टर. चाळीस माणसांची नावं, २८० दिवसांचा हिशेब आणि गैरहजेरीचं कारण. एक आजारी. एकाचे डोळे आलेत. एकाला विंचू चावला. एक घरी बिअर गाळत बसलाय. एकजण आईचं प्रेत गुंडाळायला गेलाय. एकाच्या बायकोची पाळी आलीय. सगळं लिहिलंय, नावानिशी.

हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. रामसेसचा मोठमोठा दगडी पुतळा बघून मला काही झालं नव्हतं. पण ज्याच्या आईचं प्रेत घरात होतं त्याच्या नावापुढं सव्वातीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी कारण लिहिलं, हे वाचून वाटलं, हा माझ्याच पाळीतला माणूस आहे.

याच गावानं जगातला पहिला लेखी नोंदलेला संप केला. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमारास. धान्य थकलं होतं. कारागीर हत्यारं ठेवून निघाले, पहाऱ्याच्या भिंती ओलांडल्या आणि देवळाच्या मागं जाऊन ठाण मांडलं. म्हणाले, भुकेनं आणि तहानेनं आम्ही इथं आलोय, अंगावर कापड नाही, भाजी नाही, मासळी नाही, वर कळवा. कारकुनानं ते लिहून ठेवलं. तो पपायरस आज इटलीत तुरीनच्या म्युझियममध्ये आहे. थकलेलं धान्य त्यांनी मिळवलं. राजाला देव मानण्याच्या काळात पोटासाठी देवळामागं बसलेली ही माणसं. आणि आपल्याला सांगतात, संप हे परदेशातनं आलेलं अलीकडचं खूळ आहे.

आता कुणी म्हणेल, ठेवला हिशेब, पण काय उपयोग? मालकाच्या वहीत आपण माणूस थोडेच असतो? बरोबर आहे. वही आपल्याला माणूस करत नाही. १७८१ साली लिव्हरपूलच्या मालकांच्या झाँग नावाच्या जहाजावरनं १३० हून जास्त आफ्रिकी गुलाम जिवंत समुद्रात फेकले गेले. का? पाणी कमी पडेल म्हणून, असं सांगितलं. मालकांनी विमा मागितला, डोईमागं ३० पौंड. माल बुडाला, भरपाई द्या. १७८३ साली लंडनच्या कोर्टात पहिला कौल मालकाच्या बाजूनं गेला. खुनाचा खटला नव्हता, विम्याचा होता. त्या वहीत एकाही माणसाचं नाव नव्हतं, फक्त भाव होता.

पण पुढचं ऐका. ही बातमी पेपरात आली आणि ओलाउदा इक्वियानो यांनी ती वाचली. हा माणूस स्वतः गुलाम होता, जहाजांवर राबलेला, स्वतःची किंमत मोजून सुटलेला, आणि लिहा-वाचायला शिकलेला. त्यांनी ती बातमी उचलली आणि ग्रॅनव्हिल शार्प यांच्या दारात गेले. तिथून बोभाटा झाला. इंग्रजांचा गुलामांचा व्यापार १८०७ साली कायद्यानं बंद झाला, त्यामागं जी आग होती त्यात झाँगची ठिणगी होती. मालकानं पैशासाठी ठेवलेला कागद मालकाच्याच गळ्याला लागला. का? कारण वाचणारा आपला होता.

आता आपल्या दारात येऊ. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा ५३ वा वाढदिवस. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज लागलेलं. पोटात कापसाच्या हजारो गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं, शेजारी शेजारी. दुपारी आग लागली. चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. गोदी उडाली, आजूबाजूच्या वस्त्या पेटल्या. जहाजावर सोनंही होतं. किती? ३१ पेट्या, प्रत्येक पेटीत ४ विटा, एकूण १२४ विटा. बरोबर १२४. आणि माणसं किती मेली? कुणी ८०० म्हणतं, कुणी १,३००. सोन्याच्या विटेत एकाचा फरक नाही, माणसांत पाचशेचा फरक! अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांचा आकडा पक्का आहे, कारण त्यांची हजेरी होती. त्यांना दरवर्षी सलामी मिळते, मिळालीच पाहिजे. पण टोळीवाल्यानं सकाळी नाक्यावरनं उचलून आणलेला रोजंदारीवाला कुठल्या वहीत होता? हजेरी असलेले मोजले गेले. बाकीच्यांचा अंदाज बांधला. नंतर ढिगारा उपसायला ८,००० माणसं सात महिने राबली. ‘गोदी पुन्हा कुणी उभी केली’ असा सवाल कुठल्या पुस्तकात बघितलाय?

म्हणून म्हणतो, मस्टर ही साधी गोष्ट नाही. मस्टरवर नाव असणं म्हणजे मेल्यावर मोजलं जाणं.

आपल्या गावगाड्यानं तर याच्यावर कडी केली. मिसरच्या राजाला रोज हजेरी घ्यावी लागायची. आपल्या गावाला त्याची गरजच नव्हती. जात म्हणजे जन्मताच भरलेलं मस्टर. नाव लागलंय, काम लागलंय, हजेरी आयुष्यभराची, पिढ्यान् पिढ्यांची. फक्त पगाराचा रकाना नाही. शिळ्या भाकरीला बलुतं म्हणायचं, मेलेलं ढोर ओढायला हक्क म्हणायचं. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांगाच्या पोरीनं लिहिलं, की वाड्यांच्या इमारती उभ्या करताना आमच्या लोकांना तेल-शेंदूर पाजून पायात जिवंत गाडलं. सावित्रीबाई-जोतिबांच्या शाळेत शिकली आणि हातात लेखणी आल्यावर पहिलं काय केलं? वाडा कोणी बांधला, या सवालाचं खरं उत्तर लिहिलं. पुस्तकात उत्तर आहे, अमुक सरदार. मुक्ताचं उत्तर आहे, पायातला माणूस. चार पर्यायांत ते बसत नाही.

बाबासाहेबांनी हे मस्टर ओळखलं होतं. १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. कसली कामं, किती वेळ, किती मोबदला, हे ठरवा म्हणाले. म्हणजे गुलामीच्या वहीत पगाराचा रकाना पाडायला निघाले. वतनं शेवटी १९५८ च्या कायद्यानं गेली. पण कागद गेला नाही. महार वतनाच्या जमिनीची नोंद तलाठ्याच्या दप्तरात आहे, नवीन अविभाज्य शर्त, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ज्यांच्या घरात सात-बारा वाचणारं कुणी नव्हतं त्यांच्या जमिनी कुणी, कशा गिळल्या, ते गावोगाव विचारा. तलाठ्याची परीक्षा देणाऱ्या माझ्या भावा, खुफूचं नाव पाठ कर, मार्क मिळव. पण पास झालास की पहिल्यांदा आपल्या गावचा फेरफार काढून वाच. तो आपला इतिहास आहे आणि तो एकराच्या मापात आहे.

रविवारची सुट्टी कुणी दिली, विचारलं की उत्तर येतं, इंग्रजांनी, चर्चला जायचं म्हणून. गिरणीत तर रविवारीही राबावं लागायचं. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना काढली, अर्जावर सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या. एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांचा जमाव होता आणि बायाही बोलायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० ला मालक वाकले. तुझ्या रविवारी तू लोळत पडतोस ना, तो रविवार फुकट आलेला नाही, सह्या-अंगठ्यांनी आलाय.

आता आजचं. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला. रोजंदारीवाल्याचं नाव रजिस्टरला लागलं. टोळीवाल्याची मिजास उतरली. पण २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीनचं आयडियल-एक्स जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं होतं. सुटा माल चढवायला टनाला ५.८६ डॉलर पडायचे, पेटीत १६ सेंट. उरलेले पैसे कुठनं वाचले? हमालाच्या खांद्यावरनं. पेटी जगभर गेली, १९८९ साली न्हावा-शेवाला बंदर उभं राहिलं, मुंबईची गोदी उतरणीला लागली. मी यंत्राच्या विरोधात नाही. पाठीवर गोणी वाहण्यात कसलीही थोरवी नाही, ज्याला वाटते त्यानं एक पाळी वाहून बघावी. माझा सवाल वेगळा आहे. यंत्र आलं, मग रजिस्टर का गेलं?

आज मी ठेकेदाराच्या हाताखाली आहे. गेटवर पास आहे, त्यावर फोटो आहे. पण आत कामाच्या कागदावर काय लिहितात? ‘माणसं ८.’ बस. नाव नाही. एकाचा पाय चेचला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘माणसं ८’. हातात पण आकडा आणि वहीत पण आकडा. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी विंचू चावलेल्या माणसाचं नाव सापडतं, आणि काल क्रेनखाली पाय गेलेल्याचं सापडणार नाही. याला प्रगती म्हणतात. उद्या कुणी संशोधक येईल आणि म्हणेल, एकविसाव्या शतकातल्या हमालांविषयी साधनं उपलब्ध नाहीत. तेव्हा मात्र ते खरं असेल. खोटं बोलणं आणि खरं करणं, यातला फरक एवढाच आहे की आपण गप्प बसलो.

म्हणून दोस्तांनो, ‘आमचा इतिहास नाही’ ही रडगाथा बंद करा. घरातली ट्रंक उघडा. आज्याची पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती, गिरणीचा पास, रेशनकार्ड, सफाई खात्यातलं हजेरीकार्ड, आजीच्या अंगठ्याचा कागद, काहीही असो, फेकू नका. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, कुठली इमारत, कुठला रस्ता, कुठलं गटार त्यांनी केलं, टोळीत कोण कोण होते, कोण मेले. नावं लिहा. तारीख लिहा. कविता नंतर करू.

आणि जिथं काम करतो तिथं ठेकेदाराच्या कागदावर बोट ठेवून विचारा, माझं नाव कुठाय? हा सामान्यज्ञानाचा सवाल नाही, याला पर्याय चार नाहीत. त्यानं लिहिलं नाही तर आपण आपली वही काढू. रोजची पाळी, कुठलं जहाज, किती माल, कोण कोण हजर, कुणाला काय लागलं. मेरेरनं ठेवली, आपण का नाही? आमच्या टोळीनं या महिन्यापासून शंभर पानी वही सुरू केलीय. पहिल्या पानावर आठ माणसांची पूर्ण नावं आहेत, बापाच्या आणि आईच्या नावासकट.

जय भीम.